सवलतींचे साम्राज्य

इ.स. ४४४च्या अखेरीस किंवा ४४५च्या अगदी आरंभी पश्चिम रोमन साम्राज्याचा सम्राट तिसरा व्हॅलेंटिनियन याने एक फर्मान काढले. विषय रूक्ष आहे: यापुढे बाजारातल्या प्रत्येक विक्रीवर किमतीचा चोविसावा भाग कर म्हणून द्यावा लागेल, निम्मा विकणाऱ्याने आणि निम्मा घेणाऱ्याने. या कराची गरज का पडली हे सांगताना मात्र फर्मान जे मान्य करते, ते राजशासनांच्या भाषेत क्वचितच आढळते. करदाते थकले आहेत, आणि त्यांच्याकडून येणाऱ्या महसुलात नव्याने भरती होणाऱ्या सैनिकांना तर सोडाच, जुन्या फौजेलाही धड अन्नवस्त्र पुरवता येत नाही, असे सम्राट स्वतःच म्हणतो. इटलीतला शेवटचा पोरसवदा सम्राट रोम्युलस ऑगस्ट्युलस याला सेनानायक ओडोएसरने पदावरून दूर केले ते ४७६ साली. म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या पतनाच्या तीस वर्षे आधीच, सैन्य पोसण्याचे आपले मुख्य काम आपल्याला जमत नसल्याची नोंद राज्याने स्वतःच्या दप्तरात करून ठेवली होती.

४७६ची घटना त्या मानाने किरकोळ होती. ओडोएसरने त्या मुलाला मारलेही नाही. कँपानियातली एक जागा आणि वर्षाला ६,००० सुवर्णनाण्यांचा तनखा देऊन त्याची बोळवण केली, आणि राजचिन्हे कॉन्स्टँटिनोपलला सम्राट झेनोकडे पाठवून दिली. सिनेट त्यानंतरही भरत राहिली, कॉन्सल नेमले जात राहिले, लॅटिनमध्ये खटले चालत राहिले. म्हणून रोम का पडले या प्रश्नाआधी नेमके काय पडले हे ठरवावे लागते, आणि इथेच बहुतेक चर्चा घसरतात. अलेक्झांडर डेमांट या जर्मन इतिहासकाराने १९८४ साली रोमच्या पतनाची आजवर सुचवली गेलेली २१० कारणे एकत्र केली. एका घटनेला २१० कारणे सापडतात तेव्हा प्रश्नच नीट मांडला गेलेला नसतो, असे मानायला जागा आहे. पीटर ब्राउन यांच्या १९७१च्या पुस्तकानंतर अभ्यासकांची एक पिढी पतनाऐवजी रूपांतराविषयी बोलू लागली. धर्म, कला, कायदा आणि भाषा यांच्यातले सातत्य त्यांनी पटण्याजोगे दाखवले. ब्रायन वॉर्ड-पर्किन्स यांनी २००५ साली खापरे, कौले आणि गुरांची हाडे पुढे करून त्यांना आठवण करून दिली की कल्पना टिकल्या तरी छपरे टिकली नव्हती. हे दोन्ही पक्ष आपापल्या पुराव्याशी प्रामाणिक आहेत. त्यांच्यातला दुवा राज्याच्या महसुली यंत्रणेत सापडतो, असे माझे मत आहे. आणि काळजी वाटावी असे जे काही या इतिहासात आहे, तेही तिथेच आहे.

ती यंत्रणा अशी होती. डायोक्लेशियनच्या (२८४–३०५) सुधारणांनंतर साम्राज्याचा कर मुख्यतः जमिनीवर आणि ती कसणाऱ्या माणसांवर बसे. जमिनीची मोजणी होई, नोंदवह्या ठेवल्या जात, आणि वसुली धान्यात, तेलात, कापडात किंवा सोन्यात होई. कॉन्स्टंटाइनने एका रोमन पौंडाचे ७२ असे सॉलिडस पाडायला सुरुवात केल्यावर सोन्यातल्या वसुलीला स्थिर माप मिळाले. या महसुलाचा सर्वांत मोठा वाटा सैन्यावर खर्च होई. सैन्य ऱ्हाइन आणि डॅन्यूबच्या काठांवर उभे असे, त्यामुळे आतल्या प्रांतांत शेती आणि व्यापार निर्धोक चाले, आणि त्या निर्धोकपणातूनच पुढच्या वर्षीचा कर निघे. हे चक्र सगळ्यांनाच दिसते. त्याचा एक आडपरिणाम मात्र दिसायला अवघड आहे, कारण तो कोणी योजलेला नव्हता.

राज्याला आफ्रिकेतले धान्य व तेल रोमला आणि इतर प्रांतांतला शिधा सीमेवरच्या छावण्यांना पोचवायचा असे. त्यासाठी जहाजमालकांच्या संघांना सवलती देऊन बांधून घेतलेले होते. बंदरे, गोदामे आणि रस्ते राज्याच्या खर्चाने राखले जात. जहाज सरकारी धान्यासाठी निघालेच असेल तर त्याच फेरीत ट्युनिशियातली तांबडी चकचकीत ताटे आणि वाडगे चढवायला जवळजवळ काहीच लागत नसे. ही ताटे भूमध्य समुद्राच्या सगळ्या किनाऱ्यांवर, आणि नुसत्या श्रीमंतांच्या घरांत नव्हे तर सामान्य शेतघरांतही, उत्खननात सापडतात. रोममध्ये टायबरकाठी मोंते तेस्ताच्चो नावाची सुमारे ३५ मीटर उंचीची टेकडी आहे. ती संपूर्णपणे तेलाच्या फुटक्या रांजणांची बनलेली आहे, बरेचसे रांजण दक्षिण स्पेनमधले. त्यांच्यावर वजने आणि तपासनिसांच्या नोंदी रंगवलेल्या आहेत. व्यापाऱ्यांचा बाजार आणि सरकारी पुरवठा यांच्यात स्पष्ट रेघ ओढता येत नाही. पहिला दुसऱ्याच्या पाठीवर बसून प्रवास करत होता. इतिहासकार ख्रिस विकहॅम यांनी हा मुद्दा सर्वांत बारकाईने मांडला आहे. त्याचा अर्थ असा की, महसुली यंत्रणा मोडली तर सैन्याबरोबर कुंभार, कौले भाजणारे आणि खिळे ठोकणारे लोहारही आपले दूरचे गिऱ्हाईक गमावणार होते, आणि त्यांना ते अगोदर कळण्याचा काही मार्ग नव्हता.

आता या यंत्रणेतून बाहेर पडण्याच्या वाटा पाहू, कारण माझ्या मते इशारा द्यायचा तो या वाटांविषयी द्यायला हवा.

कर गोळा करण्याची जबाबदारी नगरपरिषदांच्या सभासदांवर होती, आणि तूट आली तर ती त्यांनी पदरची भरून द्यायची असे. चौथ्या शतकात हे पद मानाचे राहिले नाही. ते ओझे झाले. ज्याला जमेल तो त्यातून सुटू पाहू लागला: कोणी शाही नोकरीत शिरला, कोणी सिनेटरचा दर्जा मिळवला, कोणी धर्मोपदेशक झाला, कारण या प्रत्येक दर्जाला नगरसेवेतून माफी होती. ४३८ साली प्रसिद्ध झालेल्या थिओडोसियसच्या कायदेसंग्रहात या सभासदांविषयीच्या एकाच प्रकरणात १९२ आदेश आहेत, आणि त्यांतले पुष्कळसे पळालेल्यांना परत आणण्याविषयीचे आहेत. एकच आदेश पुन्हा पुन्हा काढावा लागणे हे तो पाळला जात नसल्याचे लक्षण, असे सरधोपटपणे म्हणण्यात धोका आहे. कायदे मागणीनुसारही निघत. पण सुटू पाहणारे सतत होते, एवढे तरी त्यातून निश्चित होते.

शेतकऱ्याची वाट वेगळी होती. वसुलीच्या जाचातून वाचायचे तर शेजारच्या बलिष्ठ माणसाच्या, म्हणजे सेनाधिकाऱ्याच्या किंवा मोठ्या जमीनदाराच्या, आश्रयाला जायचे आणि मोबदल्यात जमिनीवरचा हक्क सोडून द्यायचा. पूर्वेत अँटिऑकच्या लिबानियसने चौथ्या शतकाच्या अखेरीस याविषयी तक्रार केली. पश्चिमेत मार्सेयच्या सॅल्व्हियनने ४४०च्या दशकात. सॅल्व्हियन कडवट धर्मोपदेशक आहे आणि त्याचे प्रत्येक विधान दुपटीने सौम्य करून वाचावे लागते, तरी त्याने वर्णिलेली प्रक्रिया कायद्यांतूनही दिसते. आश्रयदात्याच्या दारात अधिकारी जात नाही. राहिलेला कर मग आश्रय न मिळालेल्या शेजाऱ्यांवर वाटला जातो. तेव्हा तेही आश्रय शोधू लागतात. या व्यवहारात अविवेकी असा कोणीच नाही. शेतकरी आपले घर वाचवतो, जमीनदार आपले कूळ वाढवतो, अधिकारी जिथून वसूल होते तिथून वसूल करून वरच्याला हिशेब देतो.

वरच्या थरात आकडे इतके मोठे आहेत की ते एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय कळत नाहीत. ऑलिंपिओडोरस या पाचव्या शतकातल्या इतिहासकाराच्या सांगण्याप्रमाणे रोममधल्या अनेक धनाढ्य घराण्यांना आपल्या जमिनींतून वर्षाला ४,००० पौंड सोने मिळे, शिवाय धान्य, द्राक्षमद्य वगैरे वेगळे. मॅक्सिमस नावाच्या सिनेटरने मुलाच्या पदग्रहणाच्या खेळांवर ४,००० पौंड सोने उधळल्याचेही तोच सांगतो. ४०८ साली गॉथांचा नेता अलारिक याने सैन्य मागे नेण्यासाठी मागितलेली रक्कमही हीच होती: ४,००० पौंड. सेनापती स्टिलिकोने सिनेटकडून ती मोठ्या मिनतवारीने आणि दबाव आणून मंजूर करून घेतली. काही महिन्यांतच त्याला मृत्युदंड झाला. त्याच वर्षी अलारिकने शहराला वेढा घातला, आणि तो उठवण्यासाठी ५,००० पौंड सोने, ३०,००० पौंड चांदी, ४,००० रेशमी अंगरखे आणि ३,००० पौंड मिरे मोजावे लागले. (ते मिरे मलबारच्या किनाऱ्यावरून तांबड्या समुद्रामार्गे गेलेले असणार, रोमची भांडारे त्या वर्षीही रिकामी नव्हती.) ४१० साली शहर लुटले गेले. याआधी ३९७ साली आफ्रिकेत गिल्डोचे बंड मोडायचे होते तेव्हा याच जमीनदारांनी आपल्या कुळांतून सैनिक द्यायला विरोध केला आणि त्याऐवजी सोने देण्याची मुभा मिळवली. शेतावरचा धडधाकट माणूस त्यांना सोन्यापेक्षा मोलाचा होता, आणि राज्याला त्या सोन्यातून सीमेपलीकडचे भाडोत्री सैनिक घ्यावे लागत.

इथे थांबून एक आक्षेप विचारात घ्यायला हवा. श्रीमंतांनी कर चुकवणे ही रोमची नवी सवय नव्हती, आणि केवळ तेवढ्याने राज्य पडत असते तर ते दोन शतके आधीच पडले असते. बाहेरचे आघात खरे होते आणि ते एकापाठोपाठ आले. ३७८ साली एड्रियानोपलला सम्राट व्हॅलेन्स सैन्यासह कापला गेला. ४०६च्या शेवटच्या दिवशी व्हँडल, अलान आणि सुएव्ह यांनी ऱ्हाइन ओलांडली. ४०९ साली ते स्पेनमध्ये उतरले. ४१८ साली गॉथांना आक्विटेनमध्ये जमीन देऊन वसवावे लागले. ४२९ साली गाइसेरिक व्हँडलांना घेऊन आफ्रिकेत गेला आणि १९ ऑक्टोबर ४३९ रोजी त्याने कार्थेज घेतले. आफ्रिका हा पश्चिमेचा सर्वांत सुपीक आणि तोवर सर्वांत सुरक्षित महसुली प्रदेश होता. तो जाणे म्हणजे रोमचे धान्य, इटलीच्या फौजेचे वेतन आणि वर सांगितलेल्या जहाजफेऱ्या हे सगळे एकाच वेळी जाणे. वाटाघाटीत त्यातला जो गरीब भाग परत मिळाला, नुमिडिया आणि मॉरिटानियाचा, तिथला कर ४४५ साली एक अष्टमांशावर आणावा लागला, कारण युद्धाने उजाड झालेल्या जमिनीतून त्याहून अधिक निघतच नव्हते.

म्हणजे आघात बाहेरून आले हे मान्य. पण तेवढ्याच प्रतीचे आघात पूर्व रोमन साम्राज्यावरही आले होते. ४४७ नंतर हूणांचा राजा अटिला याला वर्षाला २,१०० पौंड सोने देण्याची नामुष्की कॉन्स्टँटिनोपलने पत्करली आणि ते परवडलेही. ४६८ साली आफ्रिका परत घेण्यासाठी पूर्वेने हजाराहून अधिक जहाजे पाठवली. गाइसेरिकने पेटत्या नौका सोडून तो ताफा जाळला आणि पूर्वेचा खजिना जवळजवळ रिता झाला. तरीही पन्नास वर्षांनी, ५१८ साली, सम्राट अनास्टासियस मेला तेव्हा खजिन्यात ३,२०,००० पौंड सोने शिल्लक असल्याचे प्रोकोपियस नोंदवतो. भूगोलाने पूर्वेला साथ दिली यात शंका नाही: इजिप्त, सिरिया आणि आशिया मायनर यांच्या वाटेत सामुद्रधुनी आणि ४१३ साली उभारलेला तट होता. पण तिथले अभिजन पश्चिमेइतके अवाढव्य श्रीमंत नव्हते आणि ते बहुतांशी शाही नोकरीवरच वर आलेले होते. राज्य वाचण्यात त्यांचे स्वतःचे हित गुंतलेले होते. पश्चिमेतल्या सिनेटर घराण्यांचे तसे नव्हते. म्हणून माझा निष्कर्ष बेताचा आहे: बाहेरच्या आघातांनी पश्चिमेचा महसूल तोडला, पण तुटलेल्या जागी उरलेल्या संपत्तीतून नवा महसूल उभा करता आला नाही, तो आतल्या सवलतींमुळे. संपत्ती होती, तिच्यावर राज्याचा हक्क चालत नव्हता. ४४१ साली, कार्थेज गेल्यावर, व्हॅलेंटिनियनने चर्चच्या आणि खुद्द स्वतःच्या जमिनींसह सगळ्या सवलतीच्या जमिनींना सामाईक ओझ्यात ओढण्याचा प्रयत्न केला होता. उपाय बरोबर होता. तो चाळीस वर्षांपूर्वी करण्याइतकी निकड कोणाला वाटली नव्हती, आणि निकड वाटली तेव्हा तो अमलात आणणारे हात थोडे उरले होते.

यंत्रणा थांबल्यावर प्रत्यक्ष काय होते याचा एक दुर्मीळ वृत्तांत उपलब्ध आहे. डॅन्यूबकाठच्या नोरिकम प्रांतात, म्हणजे आजच्या ऑस्ट्रियात आणि लगतच्या बव्हेरियात, ४८२ साली वारलेल्या सेव्हेरिनस या संताचे चरित्र युजिपियसने ५११च्या सुमारास लिहिले. रोमन सत्ता होती तोवर तटांच्या राखणीसाठी अनेक गावांतले सैनिक सरकारी वेतनावर पोसले जात, आणि ती पद्धत बंद पडल्यावर तुकड्या विरघळून गेल्या, असे तो सहज सांगून जातो. बटाव्हिस, म्हणजे आजचे पासाऊ, इथली तुकडी सर्वांत शेवटपर्यंत टिकली. तिच्यातले काही जण साथीदारांचे अखेरचे वेतन आणायला इटलीकडे निघाले; वाटेत ते मारले गेले आणि त्यांची प्रेते इन नदीतून वाहत आली तेव्हा ते कळले. सीमा पडली ती लढाईत नव्हे. त्या तुकडीला कोणी बरखास्त केले नव्हते, शत्रूने तिचा निर्णायक पराभव केला नव्हता. पगार आला नाही, आणि माणसे गावात शेतकरी होऊन राहिली. नोरिकमच्या लोकांना सीमा नाहीशी झाल्याचा दिवस सांगता आला नसता.

पुढच्या दोन शतकांत जे घडले ते प्रांताप्रांतांत फार वेगळे आहे, आणि त्याचे सरसकट चित्र काढणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. ब्रिटनमध्ये घसरण सर्वांत तीव्र होती. पाचव्या शतकाच्या आरंभी नव्या नाण्यांचा पुरवठा थांबला आणि एका पिढीत चाकावरची कुंभारकी, कौले, दगडी बांधकाम, इतकेच काय लोखंडी खिळेही, जवळजवळ नाहीसे झाले. रोमनांच्या आधीच्या लोहयुगातही तिथे नाणी आणि चाकावरची मडकी होती, म्हणजे घसरण सुरुवातीच्या पायरीच्याही खाली गेली. याचे कारण गुंतागुंतीत आहे: ज्या समाजात प्रत्येक जण एकाच वस्तूत कसबी झालेला आहे आणि बाकी सगळे विकत घेतो, तिथे देवघेव तुटली की कोणाकडेच सर्व कामांचे थोडे थोडे कसबही उरत नाही. इटलीत मात्र गॉथ राजा थिओडोरिकच्या (४९३–५२६) राज्यात करवसुली चालू होती आणि कॅसिओडोरस उत्तम लॅटिनमध्ये सरकारी पत्रे लिहीत होता; तिथला खरा विध्वंस पूर्वेचा सम्राट जस्टिनियन याने ‘रोमन’ सत्ता परत आणण्यासाठी ५३५ ते ५५४ या काळात केलेल्या युद्धाने झाला. रोम शहरात आफ्रिकेची भांडी थेट सातव्या शतकाच्या अखेरपर्यंत येत होती, हे क्रिप्ता बाल्बी इथल्या कचऱ्याच्या ढिगाने सिद्ध केले आहे. पण चौथ्या शतकात लाखोंच्या घरात असलेली वस्ती तोवर काही दशसहस्रांवर आली होती. शेतकऱ्याचे या सगळ्यात नुकसानच झाले असे म्हणता येत नाही. काही प्रदेशांत कर आणि खंड दोन्ही हलके झाले असतील, आणि त्याचे पोट कदाचित आधीपेक्षा बरे भरत असेल. ज्याला कौलाचे छप्पर पुन्हा कधी मिळाले नाही, त्याच्या नातवाला त्याची उणीव भासली असेल असेही नाही.

वेतनाच्या जागी जमीन आली, आणि मध्ययुगाच्या आरंभाची राजकीय रचना बऱ्याच अंशी या एका बदलातून निघते. पगारी सैनिक राजाकडे पाहतो, कारण पुढचा हप्ता तिथून यायचा असतो. जमीन मिळालेला योद्धा आपल्या शेताकडे, शेजाऱ्यांकडे आणि मुलांच्या वारसाकडे पाहतो. राजाने एकदा दिलेली जमीन दुसऱ्यांदा देता येत नाही. त्यामुळे प्रत्येक राजा पहिल्या काही वर्षांत उदार आणि नंतर क्रमाने गरीब होत जातो, आणि निष्ठा टिकवायला त्याला सतत नवे प्रदेश जिंकावे लागतात. सैन्यासाठी कर नको झाल्यावर कराचे समर्थनही संपले. तूरचा बिशप ग्रेगरी याच्या इतिहासात हे स्पष्ट दिसते. ५७९ साली फ्रँक राजा चिल्पेरिकने नवी आकारणी केली तेव्हा लिमोजच्या जमावाने कराच्या वह्याच जाळल्या. राजाने त्यांना क्रूर शिक्षा केली. पण पुढच्या वर्षी रोगराईत त्याची मुले आजारी पडल्यावर राणी फ्रेडेगुंडने हा देवाचा कोप मानून राहिलेल्या वह्या स्वतः आगीत टाकल्या आणि राजालाही टाकायला लावल्या. ५८९ साली तूरमध्ये आकारणीला अधिकारी आले तेव्हा ग्रेगरीनेच आधीच्या राजांनी दिलेल्या माफीचा दाखला देऊन त्यांना परतवले. त्याच्या दृष्टीने तो पुण्याचे काम करत होता, आणि त्याच्या शहरातल्या गरिबांच्या दृष्टीनेही ते पुण्यच होते. त्याने ज्या करातून माफी मिळवली त्या करातून होणारे एकही काम, ना रस्ता ना तट ना छावणी, त्याच्या डोळ्यांसमोर उरलेले नव्हते.

पश्चिम साम्राज्य मोडत होते त्याच पाचव्या शतकात विदर्भात वाकाटकांचे राज्य होते, आणि तेही माफीच्या सनदा देत होते. तुलना जपून करायला हवी, पण टाळण्याचे कारण नाही. दुसऱ्या प्रवरसेनाचा अचलपूरजवळच्या चम्मकचा ताम्रपट चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना देतो: गाव करमुक्त असेल, सैनिकांनी आणि राजपुरुषांनी तिथे शिरायचे नाही, वेठ नाही, दूध-फुलांचे देणे नाही. फ्रँक राजांनी मठांना दिलेल्या सनदांतही अधिकाऱ्यांना प्रवेशबंदीचे असेच कलम असते. दामोदर कोसंबी आणि रामशरण शर्मा यांनी अशा दानांवरून भारतीय सरंजामशाहीची मांडणी केली, हरबन्स मुखिया यांनी तिच्यावर गंभीर आक्षेप घेतले. आणि अशा दानांनी पडीक जमीन लागवडीखाली आणली ही गोष्टही खरी आहे. चम्मकच्या ताम्रपटाचे एक वैशिष्ट्य मात्र नजरेत भरते. दान चंद्रसूर्य असेतो आहे, पण घेणाऱ्यांनी राज्याविरुद्ध द्रोह करू नये, चोरी, ब्रह्महत्या वगैरे अपराध करू नयेत, इतर गावांना उपद्रव देऊ नये, अशी अट त्यात घातलेली आहे. आपण काय हातचे सोडतो आहोत याची जाण देणाऱ्याला होती. तो सोडत मात्र होताच.

रोमच्या इतिहासातून आजच्या राज्यांना इशारे देणे हा लेखकांचा जुना धंदा आहे आणि त्यातले बहुतेक इशारे निरुपयोगी आहेत. नैतिक अध:पाताने रोम पडले असे म्हणणाऱ्यांना हे सांगावे लागते की पाचव्या शतकातले रोम पहिल्या शतकापेक्षा कितीतरी अधिक धर्मनिष्ठ होते. परकीयांना आत घेतल्याने ते पडले असे म्हणणाऱ्यांना हे, की साम्राज्याने चार शतके परकीयांना सामावून घेतले आणि त्यांच्यातूनच सेनापती घडवले. स्टिलिकोचा बाप व्हँडल होता. आजचे राज्य रोमसारखे नाही, याची तर मोजकी पण निर्णायक कारणे आहेत. रोमला सार्वजनिक कर्ज ठाऊक नव्हते. महसूल घटला की खर्च त्याच वर्षी थांबे. आधुनिक राज्य कर्ज काढू शकते, चलन पुरवू शकते, उत्पन्नातली तूट दशकानुदशके पुढे ढकलू शकते. ही मोठी शक्ती आहे. पण तिच्यामुळे लक्षणे उशिरा दिसतात, आणि व्हॅलेंटिनियनच्या फर्मानात आहे तशी कबुली देण्याची वेळ येईपर्यंत मूळ रोग अधिक खोल गेलेला असू शकतो. साम्य शोधायचे तर ते एकूण संपत्तीच्या आकड्यात शोधून उपयोग नाही. एखाद्या समाजातल्या संपत्तीच्या किती भागावर सामाईक गरजेच्या वेळी हक्क सांगता येतो, आणि तो भाग वाढतो आहे की आकसतो आहे, हे पाहावे लागते. ज्यांना सामाईक सुरक्षेऐवजी स्वतःची सुरक्षा, सामाईक पाण्याऐवजी स्वतःचे पाणी विकत घेणे परवडते, ते कर देण्याला विरोध करतात तेव्हा खोटे बोलत नसतात. त्यांना त्या करातून खरोखरच कमी मिळत असते, आणि त्यांच्या बाहेर पडण्याने इतरांना आणखी कमी मिळू लागते. हे चक्र सुरू असताना संपूर्ण समाज श्रीमंत होत असणेही शक्य आहे.

उलट्या दिशेचा प्रवास किती अवघड असतो याचे मोजमाप नवव्या शतकात मिळते. शार्लमेनचे राज्य पश्चिम रोमन साम्राज्यानंतर पश्चिम युरोपातले सर्वांत मोठे होते आणि त्याच्या दरबारात विद्वानांची कमी नव्हती. तरीही त्याचे सैन्य पगारी नव्हते, सर्वसाधारण जमीनकर त्याच्याकडे नव्हता. हिशेबाचे शास्त्र नाहीसे झाले होते म्हणून असे झाले, हे खरे नाही. पॅरिसजवळच्या सेंत जर्मेन मठाचा मठाधिपती इर्मिनो याने ८२०च्या दशकात मठाच्या जमिनींची जी नोंदवही करवून घेतली, तिच्यात हजारो माणसांची नावे, त्यांच्या बायकामुलांची संख्या, प्रत्येकाची जमीन आणि प्रत्येकाचे देणे लिहिलेले आहे. रोमन करवहीचे कसब शाबूत होते. फक्त ते जमीनदाराच्या घरी गेले होते. ८४५ साली व्हायकिंग नौका सेन नदीतून पॅरिसपर्यंत आल्या तेव्हा शार्लमेनचा नातू राजा चार्ल्स याच्याजवळ त्यांना अडवण्याइतकी फौज नव्हती. सेंत जर्मेनचे भिक्षू आपल्या संताचे अवशेष घेऊन आधीच निघून गेले होते, मठ लुटला गेला, आणि चार्ल्सने ७,००० पौंड चांदी देऊन त्यांना परत पाठवले. ती चांदी त्याला बिशप, मठाधिपती आणि सरदार यांच्याकडून जमवावी लागली असणार, कारण कोणाकडे किती आहे हे लिहिलेल्या वह्या त्यांच्याजवळ होत्या, त्याच्याजवळ नव्हत्या.